एक पॉइंट चारची कॉइल

हसू नका, भौतिकशास्त्राचा डॉक्टर असून हे माझ्याच हातून झालं. शहाद्याच्या दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, विडी सोडायला कुठूनशी ई-सिगारेट मिळवली. मी तिच्यातल्या तापणाऱ्या कॉइलवरचा रोध वाचला, गणित केलं आणि चाळीस वॅट लावून दिले. पहिल्याच झुरक्याला दाजी खोकून लालबुंद, वाचाच बंद! आता बहिणीला काय सांगू? शेजारचे मोटार रिवाइंडिंगवाले सलीमभाई धावत आले. त्यांनी कॉइल काढून पाहिली आणि तिच्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सर, दाजीले काय व्हयेल नही, कॉइल जळी गयी. आठे एक पॉइंट चार लिखेल शे, तुम्ही शून्य पॉइंट चार वाचं. बारा वॅट बस व्हतात."

तेवढ्यात दाजी बोलले, "तुन्ही पीएचडी तपासनारानीबी चष्मा लायेल नव्हता का?"

ती शंका मला कायमच आहे. पण दाजी बोलले ना!