शुक्रवारी घेतलेली गिटार

रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. भिवंडीत, नारपोलीतल्या समाजमंदिराचा हॉल. खुर्च्या दीडशे, माणसं एकशेवीस, स्टेजवर मी, माझ्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. आणि ती गिटार, मी तारेला बोटसुद्धा लावलेलं नसताना, घूंऽऽऽ करतेय! बरणीत भुंगा अडकलाय जणू! नाही, तुम्हाला सांगतो, वाजवायच्या आधीच वाजणारं वाद्य तुम्ही कधी पाहिलंय? मी विकत घेतलंय!

प्रसंग काय, तर माझा निरोप समारंभ. एकतीस वर्षं भिवंडीत बातमीदारी केली. आयोजकांना म्हटलं, शाल द्या, श्रीफळ द्या, पण भाषण मागू नका. भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मला दहा मिनिटं द्या, मी ब्लूज वाजवतो. "ब्लूज म्हणजे काय हो?" अहो, सोपं आहे! पहिल्या ओळीत तक्रार करायची, दुसऱ्या ओळीत तीच तक्रार परत करायची आणि तिसऱ्या ओळीत म्हणायचं, जाऊ दे. मी एकतीस वर्षं दुसरं काय केलं? रस्त्यात खड्डे आहेत... रस्त्यात खड्डे आहेत... जाऊ दे! फक्त सोबत गिटार नव्हती.

आणि समोरच्या एकशेवीसांत निदान ऐंशी जण असे, ज्यांना मी कधी ना कधी अडचणीचा प्रश्न विचारलाय. ते काय शाल बघायला आले होते? माझी फजिती बघायला आले होते! म्हणजे दहा मिनिटं नीट गेली तर एकतीस वर्षांवर शिक्का, नाही तर मरेपर्यंत "तो घूंवाला".

आता तुम्ही म्हणाल, गिटार बघून नाही घेतली? बघून? घरच्या साध्या गिटारवर वर्षानुवर्षं वाजवतोय, पण इलेक्ट्रिक पहिलीच, म्हणून दोन महिने अभ्यास केला! बातमीला तीन ठिकाणांहून खातरजमा, तशी गिटारलाही केली. मोबाइलवर तीन तज्ज्ञ गाठले. पहिला म्हणतो, "भाई, ब्लूज के लिए सिंगल कॉइल ही लेना, आवाज में काच चाहिए, काच!" दुसरा म्हणतो हंबकर घ्या, लोण्यासारखा सूर. तिसऱ्याने अर्धा तास स्वतःच वाजवलं आणि निष्कर्ष सांगायचा विसरला.

हे पिकअप म्हणजे काय, तर तारांखालची चुंबकं. त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, आपल्याकडे कांडीवर सूत भरतात ना, तशीच. ही कांडी एकच असली की सिंगल कॉइल. आवाज टणटणीत, पण आजूबाजूची विजेची गुणगुणही तीच पकडते. हंबकरमध्ये कॉइल दोन, एकमेकींच्या उलट. एकीने पकडलेली गुणगुण दुसरी खोडते, सूर तेवढा पुढे जातो. आमच्या ऑफिसात उपसंपादक हेच काम करायचा, फक्त तो सूरही खोडायचा.

तर गेलो प्रितेशच्या वाद्यांच्या दुकानात. माझं बजेट पंधरा हजार, कारण सरलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, ठणकावून सांगितलं होतं, "साठीला आलात, हौस करा, पण पंधराच्या आत करा." प्रितेशने तीन सिंगल कॉइलवाली, निळी, चकचकीत गिटार हातात दिली. वाजवली. काच म्हणजे काच! साधा प्रश्न विचारला मी. "प्रितेश, ही गुणगुणते का?" त्याने अँप्लिफायरचा आवाज पूर्ण वर केला, म्हणाला, "काका, तुम्हीच ऐका." ऐकलं. शांत! देवळात कुणी नसताना असतं तसं शांत! घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी लावली आणि घूंऽऽऽ! सरला स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मिक्सर चालू राहिलाय का बघा!" मिक्सर? तडक दुकानात. म्हटलं, साधा प्रश्न विचारला होता मी तुला, गुणगुणते का? तू काय ऐकवलंस? तर तो शांतपणे म्हणतो, "काका, काल शुक्रवार होता."

शुक्रवार! अहो, शुक्रवारी अख्ख्या भिवंडीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद; मोटारी बंद, गुणगुण बंद! दुकानाच्या मागे लूम, वर लूम, शेजारी लूम, आणि मी परीक्षा घेतली कधी, तर आठवड्यातल्या एकुलत्या एका गप्प दिवशी! लूमच्या सुट्टीवर मी स्वतः अकरा बातम्या केल्यात हो! आणि ते माझे तीन तज्ज्ञ? एक पुण्याचा, एक बंगळूरचा, एक कुठला तरी डोंगरातला. त्यांच्या खिडकीखाली लूम होता का? हा साधा प्रश्न विचारला का मी? नाही विचारला!

"हंबकर बसवून देतो, काका. पण आठ दिवस लागतील." समारंभ उद्या! "मग स्विच दोन कॉइलच्या मधे ठेवा, दोन्ही मिळून गुणगुण थोडी खोडतात." ठेवला, नाही झालं. "हां, स्वस्तातल्यात तिन्ही कॉइल एकाच बाजूने गुंडाळतात." मग? "मग काका, दिशा बदलून बघा. गिटार फिरवली की कमी-जास्त होतं." म्हणजे मी आता गिटार वाजवायची की अँटेना लावायचा?

तर तिथे आलो आपण. रविवार, चार दहा, घूंऽऽऽ. मागच्या रांगेत खसखस पिकलेली. पहिल्या रांगेत हिरामण बसलेला. हॉलला लागून त्याचे चोवीस लूम, त्यांची खडखड खिडकीतून येतेय. मी माइकवरूनच म्हटलं, "हिरामण, दहा मिनिटं लूम बंद करतोस का?" साधा प्रश्न विचारला मी! नारपोलीत चालता लूम बंद करा, असं कुणी कुणाला म्हणतं का? पण हिरामण उठला. "भाऊ, तू माझ्याविरुद्ध दोनदा छापलंस. पन खोटं छापलं न्हाय. करतो बंद." आणि गेला, आणि खरोखर... खडखड थांबली. इतकी शांतता की पंख्याचा आवाज यायला लागला.

आणि गिटार? घूंऽऽऽ!

मी म्हटलं, आता काय? प्रितेशचं आठवलं, गिटार फिरवली. डावीकडे, कमी. उजवीकडे, थोडी जास्त. स्टेजच्या मागच्या भिंतीकडे नेली तर अशी कोकलली की पहिल्या रांगेने कान धरले. हिरामण दारातून आत येतोय, त्याला विचारलं, "या भिंतीपलीकडे काय आहे रे?"

"काय न्हाय. जुना कारखाना. दोगा भावांचा झगडा, तीन वर्सं टाळा हाय. लाइन कापलेली, मीटर काढून नेलेला. तुला म्हाईत हाय की."

माहीत आहे! मीच छापलं होतं! मग कुलपाआड चालू असलेली ही वीज कुणाची? विचारलं सगळ्या हॉलला. आणि काय सांगू, ते ऐंशी जण, इतका वेळ खुसखुसणारे, एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

मग मी वाजवलं! का नाही वाजवणार? गुणगुण सगळ्यात कमी येत होती ती दिशा धरली, म्हणजे श्रोत्यांना नुसता माझा डावा खांदा दिसत होता, आणि दहाची चौदा मिनिटं वाजवलं. छान वाजवलं! चुकलो दोनदा, पण तक्रारीच्या ओळीत चुकलो, "जाऊ दे"च्या ओळीत नाही. टाळ्या पडल्या. हिरामणने परत वाजवायला लावलं, लूम बंद असूनही! सरला म्हणाली, "मिक्सरपेक्षा बरं होतं." तिच्याकडून ही फार मोठी दाद.

कार्यक्रम संपल्यावर मागे गेलो. कुलूप गंजलेलं. मीटरच्या जागी चार भोकं. भिंतीला हात लावला, तर भिंत गरम. तिथूनच मृणालीला फोन केला, माझ्या जागेवर आलेली नवी बातमीदार. सगळं सांगितलं, दिशेसकट. "हो सर, हो सर... सर, तुमच्या सत्काराची बातमी लावलीये, फोटो पण आहे. पाठमोरा आलाय, पण छान आलाय. ते दुसरं बघू ना सर, सवडीने. तुम्ही आता आराम करा."

सोमवारी आलं छापून. चार ओळी. "ज्येष्ठ पत्रकार आता निवांत."

आहे ना निवांत. रोज सकाळी फिरायला जातो, हॉलच्या मागे जातो, भिंतीला हात लावतो, परत येतो. आज सकाळीही गरम होती.