नमुन्याचा जोड

बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात बसले होते. या परमुलखात अचानक मागून मराठी ऐकू आली. एक वेल्डर आणि त्याची ताई बोलत होती.

“मुलाखतीत काय विचारलं रे?”

“मूळचा कुठला, हेच तीनदा.”

“आणि वेल्डिंगचं?”

“टेबलावर एक जोड ठेवला होता. साहेब म्हणाला, ‘इतकं सफाईदार काम तुमच्या देशात जमतं का कुणाला?’”

“मग?”

“म्हटलं, परवाच्या चाचणीत मीच केलाय. खाली माझा नंबर आहे.”

“तोंड बघण्यासारखं झालं असेल मेल्याचं!”

“छे गं. उलटा करून नंबर वाचला आणि म्हणाला, ‘कळवतो.’”

“अरे, पण नोकरी? बायको-मुलांना इकडे आणायचं होतं ना?”

“कसली नोकरी! जोड तेवढा ठेवून घेतलाय, पुढच्याला दाखवायला.”