शरीफभाईंचा पंप

शरीफभाईंच्या गाडीचं सांगितलं का तुम्हाला? इथे आखातात, माबेल्यातल्या आमच्या गॅरेजवर ओढत आणली होती. लग्नानंतर त्यांची बायको पहिल्यांदाच रत्नागिरीहून येत होती. विमान उतरायची वेळ झालेली, गाडी सुरू होईना आणि भाईंची बडबड थांबेना.

"भाई, चावी फिरवा आणि गप्प बसा. पंप ऐकायचाय."

चावी फिरवली की पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली क्षणभर गुणगुणतो. मी सीटवर कान टेकला. शाम्पूचा वास, ऊदाचा वास. डोळे मिटले, तर आपल्यालाच कुणीतरी भेटायला येतंय असं वाटलं. पण गुणगुण आली नाही. पुढे पंपाला करंट सोडणारा रिले टक् वाजला होता, म्हणजे करंट वाटेत अडला होता. सीट उचलली, तर पंपाच्या कनेक्टरमध्ये फेस!

"सीट धुतली?"

"पाइप लावून. ती बसणार ना!"

हवा मारून कनेक्टर सुकवला. पंप गुणगुणला. भाईंनीही कान लावून ऐकलं, मग "यल्ला!" म्हणत सुटले.

थोड्या वेळाने एअरपोर्टच्या पार्किंगमधून फोन. आवाज एकदम हळू.

"अरे, ती समोर आली आणि मला बोलायला काही सुचेना. म्हटलं, गाडीत बस, तुला एक गंमत ऐकवतो. आता सीटला कान लावून बसलीय. म्हणते, चावी पुन्हा फिरवा."