बियरचा ग्लास आणि डावा बूट

आमचा मल्लू बेल्जियमला असतो, माहिताय की तुम्हाला. यंदा सुट्टीला आला आणि जेवताना तिकडच्या बियरचं सांगत बसला. तिथं म्हणे प्रत्येक बियरचा ग्लास वेगळा. एक तर बुडाला गोल, लाकडी घोडीत अडकवल्याशिवाय उभाच राहत नाही. लोक ग्लास उचलून नेतात म्हणून बारवाला आधी पायातला एक बूट मागून घेतो आणि ग्लास परत दिला की बूट परत. ह्या बहाद्दरानं सवयीनं दोन्ही काढून दाराबाहेर ठेवले!

आम्ही हसून लोळलो. त्याच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, मात्र भाकरी थापता थापता हात थांबला. वाटलं, आता पिण्यावरनं झापणार. तर म्हणाली, "मग बुटासाटी मानूस परत येतोय व्हय?"

"येतोयच की, अव्वा."

निघायच्या दिवशी मी रिक्षा घेऊन गेलो, तर डावा बूट गायब. गाडीची वेळ झालेली, मी लई करवादलो. शेवटी अव्वानं पदराखालून बूट काढला.

"ते निस्ता ग्लास देतेत, तरी बूट ठिवून घेतेत. मी तर पोरगं दिलंय."

मल्लू चपलेवर गेला.