फोनोतियाचं उत्तर

इओसेफो: मी काय म्हणतो पेलेनिसे, बंदच करून टाक तो सर्व्हर.

पेलेनिसे: मागच्या आठवड्यात बसवला, आज बंद करू? रुग्णांना ऑकलंडच्या हॉस्पिटलात कोण पाठवणार मग, तुमचं चर्च?

इओसेफो: चर्चनं निदान मेलेल्या माणसाची सही कधी घेतली नाही.

पेलेनिसे: सही नाही ती. मंजुरी आहे.

इओसेफो: तेच ते. तुझा मामा जाऊन दोन महिने झाले. अंत्ययात्रेत मी स्वतः भजनं म्हटली, अजून आवाज बसलेला आहे. आणि या पडद्यावर लिहिलंय, मंजुरी देणारा फोनोतिया. कालची तारीख.

पेलेनिसे: वाचता येतं मला. जरा सरका, त्याचं खातं बघू द्या.

इओसेफो: जुन्या मशीनवर हे असलं कधी झालं नव्हतं. फुकटातलं सॉफ्टवेअर आणलंस, त्याचे भोग.

पेलेनिसे: फुकट आहे म्हणून उघडून बघता तरी येतं. जुन्याच्या आत काय चाललंय ते देवालासुद्धा कळत नव्हतं. यात काही अवघड नाही हो, काका. डॉक्टरचा अर्ज आला की कमिटीकडे, कमिटीकडून प्रमुखाकडे, म्हणजे मामाकडे, प्रमुखानं हो म्हटलं की तिकीट. माणसाच्या उत्तरासाठी अर्ज थांबला की झोपतो आणि उत्तर येईपर्यंत झोपून राहतो. मामा गेला, जुनं मशीनही बंद पडलं, त्याच्याकडचे सगळे अर्ज तसेच झोपलेले. मी ते इकडे आणले, सर्व्हर चालू केला, ते जागे झाले. इथवर सगळं नीट आहे.

इओसेफो: जागे झालेल्या अर्जांना उत्तर कोण देतंय, ते नीट नाही.

पेलेनिसे: तेच शोधतेय.

इओसेफो: आणि उत्तरं तरी कसली. त्या मासेमाऱ्या म्हाताऱ्याला डॉक्टर म्हणत होता, खुशाल विमानात बसवा, काही होत नाही. इथून उत्तर आलं, 'घरी ठेवा. घरचे जवळ असू द्या.' डॉक्टर आमच्यावर ओरडून गेला. आणि ज्या दुपारी विमान समुद्रावर असणार होतं, त्याच दुपारी म्हातारा घरात चटईवर गेला. सगळी नातवंडं भोवती होती.

पेलेनिसे: माहीत आहे मला.

इओसेफो: आणि ती मुलितालोची लहानगी. तिची तर सगळ्यांनी आशा सोडली होती. तिच्यावर एकच शब्द, 'पाठवा'. पाठवली. आज तिकडे आइस्क्रीम मागतेय. फोनोतियाचं हे असंच असायचं. डॉक्टर एक म्हणायचे, हा दुसरं म्हणायचा, आणि खरं याचंच निघायचं. शब्दसुद्धा तेच गं. 'घरचे जवळ असू द्या' असं दुसरं कोण लिहिणार?

पेलेनिसे: काका, पुढचा अर्ज कुणाचा आहे माहीत आहे ना तुम्हाला?

इओसेफो: माहीत आहे, पोरी. म्हणून तर म्हणतोय बंद कर.

पेलेनिसे: आईचं हृदय शुक्रवारपलीकडे तग धरणार नाही म्हणतात डॉक्टर. सर्व्हर बंद केला तर तिकीट निघणार नाही. चालू ठेवला तर कोणीतरी येऊन तिच्या अर्जावर काहीतरी लिहिणार. त्यापेक्षा मी मामाचं खातंच काढून टाकते.

इओसेफो: म्हणजे दुसऱ्यांदा पुरायचं त्याला?

पेलेनिसे: तुम्ही घाबरवू नका हो.

इओसेफो: मी नाही घाबरवत. मलाच भीती वाटतेय आणि एकट्यानं घाबरायला आवडत नाही मला.

पेलेनिसे: थांबा. इथं खात्याचं नाव नुसतंच 'फोनोतिया' आहे. ही खात्यांची यादी कुणी केली?

इओसेफो: मीच. का?

पेलेनिसे: ही घराण्याची पदवी झाली. त्याचं नाव कुठं आहे?

इओसेफो: कुठलं नाव?

पेलेनिसे: आईबापांनी ठेवलेलं.

इओसेफो: ते मला काय ठाऊक? इतक्या मोठ्या माणसाला नावानं कोण हाक मारतं? मारली असती तर त्यानं मला या खिडकीतून खाली टाकला असता.

पेलेनिसे: अहो, पदवी माणसाबरोबर मरत नाही. मामा गेला, फोनोतिया नाही गेला. सर्व्हरला फोनोतिया हवाय. तो कोण, याच्याशी त्याला काय घेणं?

इओसेफो: पण फोनोतिया तर आता...

पेलेनिसे: बोला.

इओसेफो: तुझी आईच आहे की. सर्व्हर बसायच्या आधीच्या शनिवारी तूच आम्हाला पदवीच्या जेवणात डुक्कर खायला घातलंस. पदवीवरून दोन घरांची भांडणं मिटेनात, म्हणून मधल्या मधे तुझ्या आईला पदवी दिली. आजारी बाई, कुणाला जड जाणार नाही, म्हणून सगळे कसे पटकन तयार झाले.

पेलेनिसे: आणि उत्तरं कुठून आली ते दिसतंय इथं. कुठल्याही मशीनवरून नाही. मोबाइलवर निरोप गेला, तिथूनच उत्तर आलं. नंबर मामाचा आहे. मामीनं पदवीबरोबर काय काय दिलं हो आईला?

इओसेफो: काठी दिली. चवरी दिली. देताना मी बघितलं.

पेलेनिसे: मग मी बोटीला निघाल्यावर फोनही दिला असणार. नवा फोनोतिया, फोनोतियाची काठी, फोनोतियाची चवरी, फोनोतियाचा फोन.

इओसेफो: अरे देवा. म्हणजे बाई तिकडे बेटावर बसून आमचे अर्ज निकालात काढतेय?

पेलेनिसे: हसू नका. मलाही हसू येईल.

इओसेफो: हसू दे गं. सकाळपासून कोको घशाखाली उतरला नव्हता. विचारायचं तरी एकदा आपल्याला! आता स्वतःच्या अर्जावर स्वतःच 'पाठवा' म्हणेल. कायद्यात बसत नाही, पण मी काही बघितलं नाही. काय झालं? अशी काय बघतेस?

पेलेनिसे: आईच्या अर्जावर उत्तर आलंय. आत्ता, आपण बोलत होतो तेवढ्यात.

इओसेफो: वाच.

पेलेनिसे: 'घरी ठेवा. घरचे जवळ असू द्या.'

इओसेफो: स्वतःलाच?

पेलेनिसे: आता माझं डोकं फिरतं हं. दुसऱ्यांना विमानात बसवायचं आणि स्वतः चटईवर पडून राहायचं. बोलतेच तिच्याशी.

(ती मामाचा नंबर लावते. आवाज दोघांनाही ऐकू येतो.)

आई: फोनोतिया बोलतेय.

पेलेनिसे: आई, मी आहे.

आई: पेले होय. मला वाटलं ऑफिसातलं कुणी. त्यांच्याशी असंच बोलायचं म्हणते तुझी मामी.

पेलेनिसे: आई, आमच्याकडचे अर्ज तू निकालात काढतेस?

आई: येतात ते. मग उत्तर नको द्यायला? पदवी काय नुसती मिरवायला घेतली?

पेलेनिसे: आणि तुला कळतं कसं, कुणाला पाठवायचं ते?

आई: मला कुठलं कळायला. तुझ्या मामाच्या थडग्यावर जाऊन बसते, दारातच तर आहे. अर्ज वाचून दाखवते. मग सुचतं काहीतरी. त्या मासेमाऱ्याच्या वेळी फार रडले मी, पण सुचलं तेच लिहिलं.

पेलेनिसे: आणि तुझ्या स्वतःच्या अर्जाचं?

आई: माझा आलाय का? बघितला नाही गं. दुपारपासून नीरफणस सोलतेय, दोन्ही हात चिकानं भरलेत. फोन तिकडे थडग्यावरच राहिला होता. आत्ता वाजला म्हणून धावत जाऊन उचलला.

पेलेनिसे: धावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय. घरात दुसरं कोण आहे?

आई: कुणी नाही. सगळे प्रार्थनेला गेलेत. का?

इओसेफो: पोरी, फोन ठेव.

आई: कोण बोललं? इओसेफो आहे का तिथं? त्याला म्हणावं, भजनात सूर फार वर नेतोस. पेले, काय लिहिलंय माझ्या अर्जावर? उत्तर आलंय का त्याला?

पेलेनिसे: आलंय.

आई: काय आलंय?

इओसेफो: सांग तिला. तिचं आहे ते.

पेलेनिसे: 'पाठवा' आलंय आई. शुक्रवारचं विमान आहे, मी तिकीट काढतेय, तू कपडे भरून ठेव, गोळ्यांची पिशवी वरच ठेव, उद्या सकाळच्या बोटीनं मी तुला घ्यायला येते.

आई: 'पाठवा'?

पेलेनिसे: हो.

आई: लहानपणीही खोटं बोललीस की अशीच भरभर बोलायचीस. काढ तिकीट. मी भरते कपडे.