जमिनीला साबण

पाणी तपासणीच्या खिडकीतली बाई नमुन्यांच्या अर्जांवर शिक्के मारत होती, पण तिचे कान समोरच्या बाकावर होते. तिथे म्हातारा लाँड्रीवाला बसला होता आणि शेजारी त्याची लेक, मांडीवर नकाशा पसरून.

"जमिनीला साबण पाजून काय होणार गं?"

"तुमचं ड्रायक्लीनिंगचं रसायन मातीला चिकटून बसलंय, बाबा. साबणाने ते सुटतं, मग पंपाने ओढून घ्यायचं. पण तीन महिने झाले, विहिरीचं पाणी होतं तसंच आहे."

"साबण हलका असेल."

"जागा चुकतेय. वापरलेलं रसायन ओतत कुठे होतात?"

"दुकानामागे. किती वेळा सांगू?"

"गिऱ्हाईकाला विचारायचात ना, डाग कशाचा म्हणून?"

"विचारायलाच लागतं. लाजेपोटी खोटं बोललं की कपडा गेलाच."

"मग?"

म्हाताऱ्याने नकाशा स्वतःकडे ओढला. खिडकीतल्या बाईचा शिक्का हवेतच राहिला.

"पेन दे... इथे. पेरूच्या झाडापाशी."

"आपल्या पेरूच्या?"

"रोज चढून बसायचीस त्यावर. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"गोड होते हो ते पेरू, बाबा." लेकीने त्याचा हात पेनासकट धरला. "आता खड्डा केवढा होता, तेवढा गोल काढा."