तीन खाचरं आणि एक पायली

तवा खळ्यावर आमी पाच जण होतो. माझी सासू, धाकटा दीर दामू भाऊजी, त्यांची बायको कुसुम, माझी सविता, ती तवा नववीला, आणि मी. सहावं कोण नाय. म्हणून सांगते ते खोटं धरू नका, कुसुम अजून हाय, तिला विचारा.

माझं माहेर मुरबाडकडं, सिद्धगडाच्या पायथ्याला. शाळा दोन यत्ता. लग्न होऊन इकडं डोळखांबच्या अंगाला आली, आणि काय सांगू तुम्हाला, सविता सात वर्षांची असताना तिचा बाप तापानं गेला. वाट्याला तीन खाचरं. एक ओढ्याकडचं, काळ्या चिकट मातीचं, एक मधलं, आणि एक वर मुरमाड, तिथं पाणी टिकतच नाय.

आमच्या घरात रीत अशी का, राबावर बी टाकायचं, म्हणजे पाला नि शेण जाळून भाजलेल्या जागेवर रोपासाठी, तर खाचरामागं एक पायली. सासऱ्याच्या बापापासून तसंच. पायली सासूच्या हातात. कमी टाकलं तर लक्ष्मी उणी होते बोलायची. मंग ओढ्याकडचं भात दाट व्हायचं, माजायचं आणि वारा आला का आडवं. मुरमाडात नुसती टक्कलं, मधे गवत. दोन वर्सं होळीलाच भात संपलं.

मंग भाऊजी बोलले, वयनी, यंदा भाताची कणगी काठापर्यंत भरली तर खाचरं तुझी, नाय भरली तर मी कसतो, तू पोरीला घेऊन वीटभट्टीवर जा. वाईट माणूस नाय हो तो, त्याला वाटलं बाईचा हात पुरत नाय. पण भट्टीवर गेली असती तर सविताची शाळा गेली. मी कणगीचा काठ तेवढा बघून ठेवला.

आता माझी चूक सांगते, चुकीतूनच सगळं झालं. आदल्या साली राबात म्हैस घुसली, माझीच राखण, माझाच डोळा लागलेला. ओढ्याकडच्या खाचराच्या कोपऱ्याला रोप पुरेना. सासू ओरडंल म्हणून मी गुपचूप दोन दोन काड्यांची चूड, म्हणजे एका जागी खोचायची रोपं, लावली, वीतभर लांब लांब. कुसुम हसली, बोलली, वयनी, हे भात हाय का म्हातारीचे दात? पण कापणीला त्या कोपऱ्यातली एक चूड मुठीत मावंना, एवढे फुटवे, आणि बाकीचं खाचर झोपलेलं. मी तिथंच बसली. चिखल हातात घेऊन वळला, त्याची दोरीसारखी वळी झाली. वर मुरमाडात जाऊन माती भिजवून तसंच केलं, वळी झालीच नाय, भुसभुशीत तुटली. मनात बोलली, ही माती एका काडीला दहा करते, ती एकाला एकच ठेवते, मंग दोघींना एकच पायली कशाला?

म्हणून पेरणीला सासूला बोलली, ओढ्याकडच्याला अर्धी पायली, मुरमाडाला दीड, मधल्याला एक. सासू पायली छातीशी धरून बसली. मी बोलली, आई, तीनच पायल्या होतात, लक्ष्मी उणी कुठं होते, जिथं भूक जास्ती तिथं जास्ती वाढते एवढंच. मंग सासूनं पायली पुढं सरकवली, बोलली, चुकलीस तर तुझ्या डोक्यावर. लावणीला ओढ्याकडं दोन काड्या लांब लांब, मुरमाडात पाच पाच, जवळ जवळ. येणारी जाणारी बांधावर थांबून हसायची. हसू दे.

आणि मंग ते खळं. भाऊजी सुपानं ओततायत, सविता कणगीत वाकून बघते. काठ आला. अजून भात होतं. भाऊजी ओततच राहिले, काठावरून भात खाली सांडलं, तवा थांबले. सासू उठली, पायली आणली, माझ्या हातात ठेवली.

"आता माप तुझं गो."

भाऊजी सांडलेलं भात गोळा करत होते. मान वर न करता बोलले, वयनी, माझ्या खाचराची माती पण बघशील का?

पुढं सविता शिकली, शहापूरला नोकरीला लागली. मंग एकदा शेतीखात्याचा साहेब आला मातीच्या पिशव्या भरायला, बोलला, मावशी, जमीन बघून बी कमीजास्त करायचं ही आताची नवीन पद्धत. मी बोलली, बरं बाबा, चहा घे. कुसुमला हसू आवरंना.

आता गुडघे गेले, ओटीवरच असते. मिरगाच्या आधी माणसं फडक्यात ढेकळं बांधून आणतात, सापगावहून पण आली एकदा. मी भिजवते, वळते, बी किती ते सांगते.

हे वाचाल त्यांना एकच मागणं. बी मोजायच्या आधी दर खाचराची मूठभर माती भिजवून वळून बघा, आणि घरातल्या बाईला विचारा.